हलक्या हाताचं इंजेक्शन

"निकोलाऊ सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ते सोपं करून सांगितलं. "स्नायूत द्यायचं इंजेक्शन रक्तवाहिनीत गेलंय. औषध घट्ट होतं. त्यानं पुढचा रक्तपुरवठा अडवलाय."

माझी रेखा तेव्हा अकरा वर्षांची होती. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला पालथी झोपवली होती. उजव्या बाजूला कमरेखाली, जिथे सुई टोचली होती तिथे, तळहाताएवढा जांभळा डाग पडला होता आणि त्याच्यापासून मांडीपर्यंत निळ्या रेषांचं जाळं उतरलं होतं. पावलाला हात लावला तर ते भरलेल्या माठासारखं गार लागत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "ज्यानं इंजेक्शन दिलं, त्यानं सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या आधी मागे ओढून पाहिला होता का? रक्त येतं का ते बघायला?"

"माहीत न्हाई," मी म्हणाले.

मला माहीत होतं. त्यानं ओढला नव्हता. तो ओढत नाही म्हणूनच मी पोरीला त्याच्याकडे नेत होते.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. ज्यांच्या घरात एकवीस दिवसांच्या इंजेक्शनवर वाढणारं लेकरू आहे त्यांच्यासाठी. मी काही डॉक्टर नाही. मी कपडे शिवते. गोरेगावपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. आमचे मालक गोरेगाव ते सेनगाव आणि हिंगोली अशी जीप चालवायचे. आणि माझी जीभ शिलाई मशीनपेक्षा जोरात चालते, असं गावात सगळे म्हणतात. ते खरं आहे. पुढचं सगळं त्या जिभेमुळेच झालं.

रेखा नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला. चार दिवसांत उतरलाही. पंधरा-वीस दिवसांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा सुजला, मग कोपर. शेजारच्या मावशी म्हणाल्या, वाढीचं अंग आहे, दुखायचंच. मी तेल चोळत राहिले. मग पोरगी शाळेतून येताना वाटेत दोनदा बसायला लागली, तेव्हा तिला हिंगोलीला नेली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. "रुमॅटिक हार्ट डिसीज," ते म्हणाले. घशातल्या जंतूशी लढता लढता शरीर चुकून आपल्याच सांध्यांवर उठतं आणि हृदयाच्या झडपेवरही उठतं. सांधे बरे होतात, झडप होत नाही. पुन्हा घसा धरला की झडपेवर पुन्हा घाव. तो घाव होऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन. हे एकदा टोचलं की तीन आठवडे अंगात हळूहळू झिरपत राहतं.

"एकवीस दिवस म्हणजे एकवीस," ते म्हणाले. "बावीस नाही. पंचवीस वर्षांची होईपर्यंत."

मी घरी येऊन हिशेब केला. पावणेतीनशे सुया. सुई माझ्या रोजच्या हातातली वस्तू. पण त्या रात्री जेवताना मला माझ्याच मशीनकडे बघवेना.

पहिली दोन इंजेक्शनं आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी, आधी हातावर थोडं टोचून चाचणी घेऊन, स्वतः दिली. मग त्यांनी आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला चिठ्ठी लिहून दिली. सिस्टर बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या. कामाला अशा संथ की बघणाऱ्याला जांभई यावी. कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात मिसळली की पातळ कालवलेल्या चुन्यासारखी व्हायची. ती हलवत बसायच्या. मग बोटानं रेखाच्या कमरेखाली चौकोन आखल्यासारखं करायच्या, सुई टोचायच्या आणि थांबायच्या. सुई आत तशीच. दट्ट्या थोडा मागे ओढायच्या. चष्मा वर करून बघायच्या. मग सावकाश दाबायच्या.

तेवढा वेळ रेखा माझा हात इतका आवळायची की बांगड्या रुतायच्या. दर एकवीस दिवसांनी.

एकदा दट्ट्या ओढल्यावर सिरिंजमध्ये लाल धागा आला. सिस्टरनं सुई काढली, ते औषध टाकून दिलं, दुसरी कुपी फोडली आणि दुसऱ्या जागी पुन्हा टोचलं. रेखा रडून रडून ओकली. चार-पाच महिन्यांनी पुन्हा तेच झालं. त्या दिवशी मी थांबले नाही.

"माझ्या लेकराच्या अंगात आधीच रक्त न्हाई, अन तुमी ते काहून ओढून राहिल्या?" मी म्हणाले. बाहेर वीस बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणाले.

"बघावं लागतं, बाई," सिस्टर म्हणाल्या.

"दोन दोन डाव टोचाया ती काय गोणी हाय? हात जमत नसंल तर सोडून द्या की नोकरी."

सिस्टरनं कापूस टाकला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. मी मात्र तिथे थांबले नाही. दोन-तीन बायांचे अंगठे घेऊन मी तक्रारअर्ज लिहिला आणि मालकांच्या जीपमधून वरच्या साहेबांकडे पोचवला. सिस्टर लेकरांचं रक्त ओढते, असं त्यात लिहिलं होतं. अक्षर माझंच, वळणदार.

आमच्याकडे इंजेक्शन देणाऱ्याचा एकच गुण बघतात. हात हलका आहे का? सुई कधी गेली कधी आली कळलं नाही, की तो माणूस देव. तसा आमच्या गावात गजानन होता. सेनगावात एका डॉक्टरांकडे बरीच वर्षं कंपाउंडर होता. मग गावात येऊन त्यानं चावडीजवळ एक खोली घेतली होती. स्वभाव गोड. पोराशी बोलता बोलता, "तुझ्या शाळेत मास्तर कोन हाय रे?" असं विचारायचा आणि पोरगं नाव सांगेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर यायची. त्याच्या खोलीतून रडण्याचा आवाज येत नसे. उपकेंद्रातून यायचा.

मी रेखाला त्याच्याकडे न्यायला लागले. पहिल्यांदा इंजेक्शन झाल्यावर रेखानं मान वळवून विचारलं, "झालं?" मला इतका आनंद झाला की मी त्याला एक शर्ट शिवून दिला.

चार इंजेक्शनं अशी गेली. पाचव्याचा दिवस गोरेगावच्या बाजाराचा होता. मला शिवलेले कपडे घेऊन बाजारात पोचायचं होतं, जीप उभी होती. "लवकर उरका, भाऊ," मी म्हणाले. त्यानं भुकटी हलवली, रेखाला पालथी केली, शाळेतली कविता म्हणायला लावली आणि सुई टोचून दाबली.

रेखा ओरडली. रोजचं रडणं मला माहीत होतं. हा आवाज तसा नव्हता. "आई, पाय जळून राहिला," ती म्हणाली.

औषध संपलं होतं. गजाननानं सुई काढली. जागा आधी पांढरीफटक पडली, जसं कुणी तिथलं रक्त पुसून नेलं. मग आमच्या डोळ्यांसमोर निळं जाळं उमटायला लागलं.

"शीर दबली असंल," गजानन म्हणाला. त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. "गरम पान्यानं शेका. बराबर होईल."

मालक बाजाराची माणसं घेऊन गेले. मी घरी येऊन वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि शेकत बसले. पाय गार होता म्हणून अजून गरम केली. दुपारपर्यंत मी शेकत होते. आज मला माहीत आहे की ज्या पायात रक्त पोचत नाही त्याला गरमी सोसत नाही, आणि कळतही नाही. तेव्हा माहीत नव्हतं. वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. इंजेक्शननंतर आग आग झाली, कातडी पांढरी किंवा निळी पडली, पाय गार लागला, तर शेकू नका, चोळू नका, वाट बघू नका. गाडी बघा.

मालक दुपारी परतले. त्यांनी पायाला हात लावला आणि जीपमधली सगळी माणसं उतरवली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाय बघितला, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "इथं थांबू नका. नांदेड." औंढा, शिरड शहापूर, वसमत, एकेक गाव मागे जात होतं. रेखा आधी कण्हत होती, मग गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मला हायसं वाटलं. तिची बोटं बधिर झाली होती, हे मला नांदेडला कळलं.

ऊन उतरायच्या आत आम्ही पोचलो. तिथे तो प्रश्न आला आणि मी खोटं बोलले.

वॉर्डातली पहिली सकाळ. एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी बॉलपेननं निळ्या डागाच्या कडेनं रेघ ओढली. "उद्या बघू, रेघेच्या आत राहतं का बाहेर जातं," त्या म्हणाल्या. सलाइनमधून हिपॅरिन चालू होतं, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध.

दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बाहेर बोटभर गेला होता. त्यांनी नवी रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी तीही ओलांडली. मी दिवसभर त्या रेघेकडे बघत बसायचे. आयुष्यभर मी खडूनं कापडावर रेघा मारल्या आणि त्यांवरून कात्री चालवली. आता ही रेघ कशासाठी आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी डाग थांबला. पण पायाची शेवटची दोन बोटं काळी पडत चालली होती.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी बोटं टोकरून बघितली. ते निघाले तसं मी त्यांच्यामागे व्हरांड्यात गेले. "साहेब, त्यानं ओढून पाहिलं नव्हतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं. गावातली सिस्टर ओढायची, म्हणून मी तिच्याशी भांडून पोरीला तिकडं नेलं."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते बाकावर बसले. म्हणाले, "ओढून बघण्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. सुईचं टोक शिरेत किंवा धमनीत गेलं असेल तर रक्त मागे येतं, आणि देणाऱ्याचा हात थांबतो. पण ओढलं असतं तर हे झालंच नसतं, असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. औषध घट्ट असतं, कधी रक्त दिसत नाही. कधी लेकरू हलतं आणि टोक सरकतं. शिवाय जागा चुकलीय. बाहेरच्या वरच्या भागात द्यायचं, यानं आत दिलंय." उठताना म्हणाले, "पण बघायला हवं होतं."

म्हणजे दोष पूर्ण माझा आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. हे मला अजून पचलेलं नाही. पूर्ण दोषी ठरले असते तर एकदाच रडून मोकळी झाले असते.

डिब्रीडमेंट दोनदा झालं. म्हणजे मेलेली कातडी आणि मांस कापून काढणं. खड्डा इतका झाला की माझी मूठ मावली असती. दोन बोटं काढली. मग डाव्या मांडीची पातळ कातडी काढून त्या जागेवर लावली, तिला ग्राफ्ट म्हणतात. पाय वाचला. ड्रेसिंगच्या वेळी रेखा छताकडे बघून पाढे म्हणायची. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत ती तिथेच शिकली.

गजानन एकदा आला. केळी घेऊन दारात उभा राहिला. मालक उठले, पण त्यांच्या अंगात भांडायचं बळच नव्हतं. ते परत बसले. गजानन केळी ठेवून गेला. मी त्याला एक शिवी दिली नाही. ज्याला मी शर्ट शिवून दिला होता, त्याला काय म्हणून देऊ?

आणि या सगळ्यात एकविसावा दिवस आला. पायाच्या धावपळीत आम्ही सगळे हृदय विसरलो होतो. हृदयाचे डॉक्टर वॉर्डात आले आणि म्हणाले, "आज हिचं पेनिसिलिन आहे."

रेखानं ते ऐकलं. तिनं पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरली. मालक म्हणाले, "आता माझ्या पोरीला सुई न्हाई. काय व्हायचं ते होऊ द्या."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. गोळ्यांचा मार्ग आहे, म्हणाले. सकाळ-संध्याकाळ, रोज, वर्षानुवर्षं. "सुई एकवीस दिवस काळजी घेते. गोळीची काळजी तुम्हाला घ्यावी लागेल. चुकली तर आम्हाला कळणार नाही, तुम्हालाही कळणार नाही. झडपेला कळेल."

दोन महिन्यांनी घरी आलो. रेखा लंगडत चालायला लागली. गोळ्यांचा डबा मी मशीनच्या खणात ठेवला. सहा-सात महिने एक गोळी चुकली नाही. मग पावसात ओढ्याला पाणी आलं, जीप चार दिवस बंद राहिली आणि गोळ्या संपल्या. मग तिच्या मामाचं लग्न आलं, डबा घरी राहिला. पोरगी हसत खेळत होती. एखाददुसऱ्या गोळीनं काय होतंय, असं मीच म्हणाले. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. मी सुईला घाबरले आणि गोळीला घाबरायचं विसरले.

शाळा सुटायच्या दिवसांत तिचा डावा गुडघा सुजला. मी हात लावला आणि पाचावर धारण बसली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पुन्हा तसाच स्टेथोस्कोप ठेवला, पुन्हा तसाच बराच वेळ. "आवाज वाढलाय," ते म्हणाले. "झडप अजून एक घाव सोसेल असं मला वाटत नाही. इंजेक्शन चालू करा. याच आठवड्यात."

आम्ही जीपनं परतलो. घराजवळ आल्यावर मालक म्हणाले, "देनार कोन?"

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रात गेले. वर्षाहून जास्त मी त्या रस्त्यानंच जात नव्हते, मागच्या गल्लीनं वळसा घेत होते. सिस्टर खिडकीशी बसून रजिस्टर भरत होत्या. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली.

"सिस्टर," मी म्हणाले, "तुमी ओढून बघायच्या ते बराबर होतं. मी चुकले. माझ्या लेकराला तुमीच सुई द्या. पयल्यासारखी द्या, ओढून."

त्यांनी चिठ्ठी रजिस्टरमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या अर्जावर मला बोलावलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं, बायांना तकलीफ काहून देता? नंतर दुसऱ्या बायाही म्हणायला लागल्या, गजाननसारखं पटकन द्या. मी सोडून दिलं. वर्ष उलटून गेलं, कुणाचंच ओढून बघत नाही मी."

मी तिथेच खुर्ची धरून उभी राहिले. तेवढ्या काळात गावातल्या जितक्या अंगांत सुया गेल्या त्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. कुणाला काही झालं नव्हतं. ते नशीब होतं.

"मी त्या दिवशी नीट सांगायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. "बघावं लागतं म्हणाले, कशाला ते नाही सांगितलं. बाहेर रांग होती. आणि खरं सांगू, रागही आला होता."

"अन मी 'काहून' इचारलं ते भांडाया. ऐकाया न्हाई," मी म्हणाले.

बुधवारी रेखाला नेली. ती टेबलावर चढेना. मालक बाहेर जीप चालू ठेवून उभे होते, काही झालं तर लगेच निघायचं म्हणून. त्या इंजिनाच्या आवाजानं मला अजून धडकी भरत होती. शेवटी सिस्टरनं रेखाला उठवून बसवलं, तिच्या हातात रिकामी सिरिंज दिली आणि काय काय करणार ते एकेक सांगितलं. कुठे टोचणार, का थांबणार, का ओढणार, लाल आलं तर काय करणार. रेखानं विचारलं, "लाल आलं तर पुन्यांदा टोचनार?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा टोचणार."

रेखा उजव्या कुशीवर झोपली, डावी बाजू वर. सुई गेली. सिस्टर थांबल्या. दट्ट्या मागे ओढला. आम्ही तिघी त्या नळीकडे बघत होतो. पांढरंच होतं. तरी त्या अजून काही क्षण थांबल्या, मग इतक्या हळू दाबलं की माझा श्वास कोंडला. मी रेखाचं पाऊल ओंजळीत धरून बसले. तासभर सोडलं नाही. बाहेर मालकांनी कधी इंजिन बंद केलं ते कळलं नाही. पाऊल गरम राहिलं.

त्यानंतर मी अतीच केलं. माझा स्वभावच तो. लसीच्या दिवशी मी उपकेंद्राच्या दारात उभी राहायला लागले. तान्ह्या लेकरांच्या आयांना सांगायचे, सिस्टरला ओढून बघायला लावा. लावायचेच. बऱ्याच वर्षांनी एक नवे डॉक्टर आले, तरुण. त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "मावशी, बाळाच्या मांडीत लस देतात तिथे मोठी रक्तवाहिनी नसते. ओढत बसलं की सुई आत हलते, बाळाला जास्त दुखतं. लसीला आता ओढू नका असंच सांगायला लागलेत. रेखाचं औषध वेगळं, जागा वेगळी. तिथे मी स्वतः ओढून बघतो."

माझं तोंड उघडलं होतं भांडायला. मी ते मिटलं आणि विचारलं, "काहून? नीट समजावून सांगा." त्यांनी कागदावर मांडी काढून दाखवली. पहिल्यांदा मी न विचारता एका बाईचा ओढून बघणारा हात थांबवला होता. नंतर न विचारताच तो चालवत होते. दोन्ही वेळा मला माझं लेकरू दिसत होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. आयांना मी तेवढंच सांगेन. देणाऱ्याचा हात हलका आहे का ते नंतर बघा. आधी विचारा, हे कुठे देता आणि असं का देता. ज्याला सांगता येत नाही त्याच्यापुढे लेकरू झोपवू नका. आणि जो सांगतो त्याचं ऐकून घ्या.

रेखाचं लग्न कुरुंद्याला झालं. झडपेचं, पायाचं, सुईचं, सगळं आधी सांगितलं. काही ठिकाणांहून त्यामुळे नकार आले, ते बरंच झालं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "सुई चुकली न्हाई म्हंजे झालं ना? मग चुकू देनार न्हाई."

पण मला झोप कुठली. आता पोरगी परक्या गावात, सुई देणारा हात परका. तोवर मोबाइल आले होते. मी तिला शपथ घातली होती की इंजेक्शन झालं की तासाभरानं पायाला हात लावायचा आणि मला फोन करायचा. दर एकवीस दिवसांनी मी त्या सकाळी मशीनवर बसत नसे. शिवण वाकडी जाते. फोन यायचा. "आई, पाय गरम हाय." तेवढं ऐकलं की मी कामाला लागायचे. दोन वर्षं एकदाही चुकलं नाही.

एकदा फोन आलाच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मी लावला तर उचलेना. बारा वाजता मी मालकांना म्हणाले, जीप काढा. ते म्हणाले, जरा थांब. मी पायात चपला घालून दारात उभी राहिले. ती व्हरांड्यातली सकाळ, ती काळी बोटं, सगळं परत अंगावर आलं. मी पुन्हा पुन्हा नंबर लावत होते.

दोनच्या सुमारास तिनं उचलला. मागे माणसांचा गलका, कढईचा आवाज. त्यांच्या शेतातली हळद शिजत होती.

"रेखा, सुई?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"सुई? झाली की सकाळी." ती दमलेली होती, हसत होती. "अगं आई, फोन करायचं इसरलेच मी."

मी फोन ठेवला आणि चपला काढून उंबऱ्यावर बसले. मालक घाबरून जवळ आले, काय झालं म्हणून विचारायला लागले. मला रडण्यातून बोलताच येईना. शेवटी त्यांना एवढंच सांगितलं की सुई घेतली, अन आपली रेखा ते इसरूनबी गेली.